पात्याचं पाणी

मी अकरा वर्षांची होते. खंडेनवमीचा आदला दिवस. पनवेलला वडाळे तळ्याजवळच्या आमच्या जुन्या घरात परसदारी भांड्यांचा ढीग पडला होता. समया, तांबे, पंचपात्री, परात. आजीने चिंच भिजत घातली होती, विटेची पूड चाळून ठेवली होती. त्या ढिगातच माळ्यावरून काढलेली कट्यार होती. काळसर, कुठे तपकिरी, मुठीच्या दांड्यांवर पिवळट रेषांचं कसलंसं जाळं. मला ती मळकी वाटली. नारळाच्या शेंडीने मी ती अर्धा तास घासली, पाण्याखाली धरली, पुन्हा घासली. चांदीसारखी लख्ख झाली. कौतुक होईल म्हणून आजोबांपुढे नेऊन धरली.

त्यांनी ती हातात घेतली, उन्हाकडे तिरकी केली, कूस बदलून पुन्हा तिरकी केली. "पाणी उतरवलंस गं तिचं," एवढंच म्हणाले. मग खोबरेल तेलाचं बोट फिरवून त्यांनी ती जुन्या धोतराच्या फडक्यात बांधली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

पाणी उतरवणं म्हणजे नक्की काय, हे कळायला मला पंचवीस वर्षं लागली.

'खंडेनवमी' या शब्दात खांडा आहे, म्हणजे रुंद, सरळ, दुधारी तलवार. ज्यांच्या घरात आता विळीखेरीज धारेचं काही उरलेलं नाही, तेही त्या दिवशी पान्हे, स्क्रू-ड्रायव्हर, शिवणयंत्र, लॅपटॉप मांडून हळदकुंकू वाहतात. पण शस्त्र घडवणाऱ्यांची बोली आपल्या रोजच्या बोलण्यात याहून खोल गेली आहे. माणूस पाणीदार असतो. कुणाचं तरी पाणी जोखलं जातं. वाद मिटला की तलवारी म्यान होतात. हे सगळं भट्टीतून आणि शिकलगाराच्या दुकानातून आलं आहे, आणि त्यात 'पाणी' हा शब्द निदान दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

पहिलं पाणी मी पनवेलमध्येच पाहिलं. आमच्या गावाचा लोखंडाशी जुना संबंध. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला. मुंबईचा माल पडावांतून पनवेलच्या खाडीत यायचा आणि इथून बैलगाड्यांनी घाट चढायचा. त्यामुळे पनवेलची गाडीची चाकं नावाजली. लाकडी चाकावर लोखंडाची धाव बसवायची तर ती लालबुंद तापवून, फुगवून चाकावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात. धाव आक्रसते आणि चाक जन्मभरासाठी आवळलं जातं. आता चाकं गेली. कळंबोलीच्या पोलाद बाजाराकडे जाणारे ट्रक दिवसरात्र पनवेलच्या कडेने धावत असतात. त्याच ट्रकांचे मोडके कमानपाटे विकत घेऊन कोयते घडवणारे लोहार मात्र तालुक्यात अजून आहेत. त्यांतल्या एका म्हाताऱ्या लोहाराच्या भट्टीसमोर मी दोन सकाळी बसले.

भात्याची जागा विजेच्या पंख्याने घेतली आहे. ऐरण, घण, सांडशी तीच. पाट्याचा तुकडा तापून लाल होतो, घणाखाली लांबतो, पुन्हा आगीत जातो. कोयत्याचा आकार आला की खरी कसोटी. धारेची बाजू जांभळाच्या पिकल्या लालीवर आली की तो ती क्षणभर पाण्यात बुडवतो आणि बाहेर काढतो. नुसती बुडवून ठेवली तर पोलाद काचेसारखं कडक होतं आणि पहिल्या घावाला तुकडा उडतो. बाहेर काढल्यावर तो विटेच्या तुकड्याने एक पट्टा घासून पांढरा करतो आणि बघत राहतो. पाठीत राहिलेली ऊब धारेकडे सरकते आणि त्या पांढऱ्या पट्ट्यावर रंग चालू लागतात. आधी गवती पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. धारेवर कोणता रंग आल्यावर थांबायचं, हे हत्यार कशासाठी आहे त्यावर ठरतं. "झाडं छाटायला हवाय की हाडं?" त्याने मला विचारलं. "त्याच्यावर पाणी ठरतं, ताई." रंग धारेला पोचला की दुसऱ्यांदा बुडवायचं. सगळा खेळ पाचसात श्वासांचा. घड्याळ नाही, मोजमाप नाही, नजर आहे.

हे झालं धारेचं पाणी. आजोबा ज्याबद्दल बोलत होते ते दुसरं. ते पात्याच्या अंगावर दिसतं, वाऱ्याने तळ्यावर उठलेल्या बारीक लहरींसारखं. फारसीतून आलेला त्याला शब्द आहे जौहर. हे पाणी रंगवलेलं नसतं, कोरलेलं नसतं. ते पोलादाच्या पोटातूनच वर आलेलं असतं.

त्या पोलादाचं गाव आपल्यापासून फार लांब नाही. आजच्या तेलंगणातलं निजामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम, तसंच म्हैसूर आणि सेलमचा टापू, इथे शतकानुशतकं मुशीतलं पोलाद तयार होत होतं. चिकणमातीत भाताचा कोंडा कालवून मूस करायची. तिच्यात लोखंडाचे तुकडे, तरवडाची सुकी लाकडं आणि रुईची पानं भरायची, तोंड मातीने लिंपायचं आणि भट्टीत तासन्‌तास धगीवर ठेवायचं. तरवड आणि रुई! आपल्या माळरानावर, बांधावर उगवणारी ही झाडं. त्यांतला कार्बन लोखंडात मुरतो, साधारण दीड टक्क्यापर्यंत. मूस हळूहळू निवू द्यायची. आत लहानसा गड्डा मिळतो. हे गड्डे इराणी व्यापारी विकत न्यायचे आणि पुढे जगाने त्या पात्यांना दमास्कसचं नाव दिलं. इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडेने तरुणपणी, विजेवरच्या कामाआधी, या हिंदी पोलादाचं गूढ उकलायला प्रयोग केले होते. नेहमीच्या भट्टीच्या धगीवर युरोपी लोहार ते ठोकायला गेले की ते घणाखाली चुरा व्हायचं. ते मंद आचेवर, धीराने ठोकावं लागतं. १९९०च्या दशकात अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होव्हेन आणि लोहारकाम करणारे आल्फ्रेड पेन्ड्रे यांनी दाखवून दिलं, की खनिजातल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अगदी लेशमात्र अंश आणि पुन्हापुन्हा तापवून ठोकणं, यांतून कार्बाइडचे सूक्ष्म कण ओळींनी बसतात आणि त्याच त्या लहरी. पातं घासून झाल्यावर त्यावर हिराकशीसारखा सौम्य आम्लद्राव फिरवला की पोलाद काळवंडतं, कण पांढरे राहतात आणि पाणी उमटतं.

म्हणजे त्या दिवशी मी जे उतरवलं ते वरचं काळवंडणं होतं. कण आत तसेच आहेत. जाणत्या हातांनी पुन्हा द्राव फिरवला तर ते पाणी परत येऊ शकतं. हे मला एका संग्रहालयात शस्त्रांची निगा राखणाऱ्या बाईंनी सांगितलं आणि मी त्यांच्यासमोरच रडले. मग त्यांनी मुठीकडे भिंग नेलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मुठीवरचं सोनं परत येणार नव्हतं.

ते सोनं कसं चढवतात, हे समजल्यावर मी काय केलं होतं ते मला पुरतं कळलं. या कामाला कोफ्तगरी म्हणतात. लोखंडी मुठीचा पृष्ठभाग आधी एकाच दिशेने बारीक रेघांनी खरवडायचा, मग आडवा, मग तिरका. अंगठ्याएवढ्या जागेत शेकडो रेघा. बोट फिरवलं तर कानशीसारखं खरखरतं. त्यावर टोकदार सुईने वेल, पान, फूल आखायचं. केसाइतकी बारीक सोन्याची तार त्या आखणीवर धरून हलक्या हातोडीने ठोकत न्यायची. रेघांच्या दात्यांत सोनं अडकतं आणि धरून बसतं. शेवटी अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचं, की दाते मिटतात, सोनं सपाट होतं आणि उरलेलं लोखंड निळसर काळं करून घेतलं की त्यावर ते चमकतं. सोन्याचा थर कागदाहून पातळ. याहून टिकाऊ काम तहनिशानचं. त्यात खोल चर खोदून, चराच्या कडा आतून रुंद करून त्यात तार ठोकून बसवतात. पण त्याला सोनं जास्त लागतं, दिवसही जास्त लागतात, म्हणून ते सरदारांच्या हत्यारांवर. आमच्यासारख्या साध्या घराच्या कट्यारीवर कोफ्तगरीच असणार. विटेच्या पुडीपुढे ती अर्धा तास टिकली, हेच खूप.

मुठीचं सोनं निव्वळ दिमाखासाठी आहे, असं आपल्याला वाटतं. मूठ हातात धरून पाहिली की तसं वाटत नाही. तलवारीच्या मुठीच्या टोकाला जी गोल वाटी असते ती मनगटाला टेकते आणि हात फार पुढे वळू देत नाही. संग्रहालयात लोक हमखास म्हणतात, "पूर्वीच्या माणसांचे हात लहान होते वाटतं." लहान नव्हते. मूठ आवळ आहे ती ओढून मारायच्या वारासाठी, भोसकण्यासाठी नाही. खांड्याच्या मुठीला वाटीच्या वर आणखी एक दांडी असते, दोन्ही हातांनी घाव घालायचा झाला तर दुसऱ्या हाताला पकड म्हणून. बोटांवरून येणारी लोखंडी पट्टी म्हणजे परज, तिच्या आत मखमलीची गादी. कट्यारीत मूठ आडवी धरायची, पातं थेट हाताच्या रेषेत आणि ठोसा मारावा तसा वार. तिचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, कडीच्या चिलखताची कडी फाकवण्यासाठी. दांडपट्ट्यात तर कोपरापर्यंतचा हातच लोखंडी खोबणीत जातो आणि लवलवतं लांब पातं हाताचंच वाढलेलं हाड होतं. २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, तेव्हा मला खरोखर आनंद झाला. त्याच्या खोबणीच्या तोंडाशी, पातं बाहेर पडतं तिथे, कारागीर पुष्कळदा वाघाचं किंवा मकराचं मुख घडवत. पातं त्या जबड्यातून बाहेर आल्यासारखं दिसतं, आणि ते मुख जिथे असतं तिथेच जोडाला सर्वांत जास्त ताण पडतो. नक्षी आणि बळकटी एकाच जागी, एकाच घणाने.

मूठ आणि पातं बहुधा एका माणसाचं काम नसे, पुष्कळदा एका देशाचंही नसे. पात्याची शेपटी मुठीच्या पोकळीत घालून ती लाख आणि राळेच्या रसाने बसवत. लाख तापवली की पातं सुटतं. म्हणून आज्याची मूठ आणि नातवाचं पातं, किंवा उलटं, असे संसार सर्रास असत. पात्यांचा मोठा बाजार समुद्रावरून यायचा. आमच्या रायगड जिल्ह्यातल्या चौल-रेवदंड्याला १७४० पर्यंत पोर्तुगीज होते. गोव्याला, चौलला, पुढे इतर वखारींतही युरोपात घडलेली लांब सरळ पाती उतरत. जर्मनीतल्या झोलिंगनची, इटलीतली, स्पेनची. फिरंग्यांकडून आली म्हणून तलवारीचं नावच फिरंग. त्या पात्यांवर धावत्या लांडग्याची किंवा अर्धचंद्राची खूण असे, आणि ती खूण इतकी मानली जाई की आपल्याकडचे कारागीरही आपल्या पात्यांवर तशीच ठोकत.

याचा सर्वांत देखणा दाखला २०२५ साली घरी परतला. नागपूरकर भोसल्यांचे मूळ पुरुष रघुजी पहिले, ज्यांनी १७४०च्या दशकात बंगालपर्यंत धडक मारली, त्यांच्या नावाची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीजमध्ये लिलावाला निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली. १८ ऑगस्टला ती मुंबईत आली. पातं युरोपी, सरळ, एकधारी. मूठ मुल्हेरी घाटाची. मुल्हेर म्हणजे नाशिकच्या बागलाणातलं गाव, किल्ल्याच्या पायथ्याचं. त्या गावच्या मुठी एवढ्या नावाजलेल्या की गावाचं नाव घाटाला चिकटलं. मुठीवर सोन्याची कोफ्तगरी, मुसुमेवर, म्हणजे मुठीत धरायच्या भागावर, हिरवं कापड गुंडाळलेलं. आणि पात्याच्या पाठीवर सोन्याने देवनागरीत लिहिलं आहे : 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग'.

त्या लेखातल्या शेवटच्या शब्दापाशी मी पुन्हापुन्हा थांबते. मालकाचं नाव, त्याचा किताब, आणि मग हत्याराची जात. पातं परदेशी आहे, हे लपवलेलं नाही, सोन्याने लिहिलं आहे. उत्तम वस्तू कुठूनही आली तरी तिला आपली मूठ बसवावी, आपल्या लिपीत आपलं नाव घालावं आणि तिचं मूळही नोंदवावं, एवढा आत्मविश्वास त्या दरबारात होता.

पण त्या सोन्याच्या ओळीत मूठ घडवणाऱ्याचं नाव नाही. ज्याने अक्षरं खोदली त्याचंही नाही.

आणि इथे मला माझ्या काळाबद्दल तक्रार आहे. आपण शस्त्राला एकच प्रश्न विचारतो : कोणाचं? इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहातली तलवार, जी १८७५-७६ च्या दौऱ्यात युवराजाला कोल्हापुरातून भेट मिळाली, ती शिवाजी महाराजांची जगदंबाच का? २०२४ च्या जुलैत लंडनहून साताऱ्याला आलेली वाघनखं महाराजांनी वापरलेली तीच का? ती पाठवणाऱ्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने स्वतःच म्हटलं आहे की ते सिद्ध करता येत नाही. हे प्रश्न विचारलेच पाहिजेत, महाराजांच्या स्पर्शाची ओढ मलाही आहे. पण त्याच वस्तूला 'कोणी घडवलं, कसं घडवलं' हे आपण विचारत नाही, आणि म्हणून ज्या हजारो हत्यारांना थोर मालक नव्हता ती आपल्या लेखी भंगार ठरतात. त्यांच्या घडवणाऱ्याची सही म्हणजे पात्याचं पाणी आणि मुठीची नक्षी. तेवढीच. ती घासून काढली की त्या माणसाचं काहीच उरत नाही.

ते सगळे कुठे गेले? आडनावांत सापडतात. शिकलगार म्हणजे पात्याला झिलई देणारा, मूळ अरबी शब्द 'सैकल', म्हणजे उजळणं. पश्चिम महाराष्ट्रात शिकलगार आडनावाची किती घरं आहेत, आणि कितीतरी जण अजून दारोदारी सुऱ्या-कात्र्यांना धार लावतात. म्यान करणारा आणि खोगीर शिवणारा जिनगर. म्यान म्हणजे लाकडाच्या दोन पातळ फळ्या, वर कातडं किंवा मखमल, तोंडाशी धातूची मोहनाळ आणि टोकाला तहनाळ. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून संसार आणि ऐरण एकत्र मांडणारे घिसाडी. त्यांच्या म्हाताऱ्या बायका आजही घण असा उचलतात की बघणाऱ्याने मागे सरकावं.

हत्यारांचा शेवट मात्र लिहून ठेवला गेला आहे, निदान काही ठिकाणी. तंजावरच्या भोसले घराण्याचा शेवटचा राजा १८५५ साली वारला. पुढच्या दशकात तिथल्या शस्त्रागारातला साठा इंग्रजांनी निवडायला घेतला. काही मद्रासच्या संग्रहालयात गेलं, काही शौकिनांनी घेतलं आणि बाकीचं मोडून जुनं लोखंड म्हणून विकलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आज तंजावरच्या कट्यारी काचेत आहेत, मुठीपुढे पिसाऱ्यासारखी जाळीदार ढाल असलेल्या. त्या पाहायला माणसं रांगा लावतात. ज्या वितळल्या त्या किती देखण्या होत्या, कोण सांगणार?

आमच्याकडे मोडणं वेगळ्या तऱ्हेने झालं. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की डावीकडे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो आणि त्याआधी शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. जन्म ४ नोव्हेंबर १८४५. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार, आणि १८१८ साली तो किल्ला इंग्रजांकडे गेला, असं त्यांच्या चरित्रांत येतं. पुण्यात ते लहुजी वस्तादांच्या तालमीत तलवार-पट्टा शिकले. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या सरकारने हत्यारांचा कायदा केला, परवान्याशिवाय शस्त्र ठेवायचं नाही. आणि १८७९ च्या फेब्रुवारीत या शिरढोणच्या माणसाने शिरूरजवळच्या धामारीवर पहिला छापा घातला. चार वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८८३ ला, एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्या वर्षांत कोकणातल्या घरांनी आपल्या तलवारींचं काय केलं, हे प्रत्येक म्हातारं माणूस सांगतं : विहिरीत टाकल्या, जोत्यात पुरल्या, लोहाराकडे नेऊन कोयते करून आणले. आमच्या घरी तीन होत्या म्हणे. आकाराने लहान म्हणून कट्यार तेवढी धान्याच्या कणगीत राहिली.

म्हणून ज्यांच्या घरी असं काही उरलं आहे त्यांना हात जोडून सांगते. यंदा ते घासू नका. चिंच, लिंबू, राख, विटेची पूड, भांड्यांची पावडर, पॉलिश पेपर, यांतलं काहीही नको. कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि यंत्राच्या हलक्या तेलाचा पातळ हात पात्यावर द्या. उघड्या बोटांनी पात्याला शिवू नका, घामातलं मीठ आठ दिवसांत बोटाचा ठसा गंजाने उमटवतं. हळदकुंकू पाटावर वाहा, पात्यावर नको, ओलं कुंकू सोन्याखाली शिरतं. आमच्या पनवेलच्या खाऱ्या, दमट हवेत हत्यार म्यानात ठेवणं सर्वांत वाईट, कारण कातडं ओल धरून बसतं. पातं आणि म्यान शेजारी शेजारी, निरनिराळं ठेवा. उन्हात वाळवायला ठेवू नका, लाख मऊ होऊन मूठ हलते. आणि पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल तर ते कायद्याच्या यादीत येतं. आपल्या भागात त्याला परवाना लागतो का, हे आधीच विचारून घ्या, म्हणजे भीतीने ते पुन्हा विहिरीत जाणार नाही.

भट्टीवरून दुसऱ्या सकाळी निघताना मी फडकं सोडून आमची कट्यार त्या म्हाताऱ्या लोहारासमोर धरली. त्याने हात लुंगीला पुसले, मग तिला घेतलं. सोनं कुठे होतं ते त्याने पाहिलंच नाही. नखाने पात्यावर टिचकी मारली आणि नाद विरेपर्यंत कान लावून बसला. मग टोकाचा जाडपणा चिमटीत धरून मापला, पातं डोळ्याच्या रेषेत आणून सरळ आहे का पाहिलं.

"धार लावू का?" त्याच्या नातवाने विचारलं. त्याचं बोट सहाणेच्या मोटारीच्या बटणावर होतं.

"हात नको लावूस," म्हातारा म्हणाला. त्याने मूठ माझ्याकडे वळवून कट्यार परत दिली, आणि देता देता दोन दांड्यांच्या मधल्या आडव्या पकडीखाली बोट दाखवलं. तिथे, जिथे अकरा वर्षांच्या मुलीची बोटं शेंडीसकट पोचली नव्हती, पाच पाकळ्यांचं एक फूल आणि त्याचा अर्धा देठ अजून पिवळा होता.